राजा कुणाच्या पोटात?

पाहुण्यांनी परदेशातून आणलेल्या केकच्या पोटात चिनी मातीचा एक राजा होता, ही गोष्ट पाहुण्यांनी केक संपल्यावर सांगितली.

"मग? कुणाला मिळाला?" हात चोळत त्यांनी विचारलं.

टेबलाभोवती जमलेली मंडळी एकमेकांकडे बघू लागली.

"काय मिळाला?" गोदाम सांभाळणारे स्टोअरकाका म्हणाले.

"राजा हो! एवढासा." पाहुण्यांनी करंगळीचं पेर दाखवलं. "तिकडची पद्धतच आहे ती. केक भाजतानाच आत लपवतात. ज्याच्या तुकड्यात निघेल तो दिवसभर सगळ्यांचा राजा. आधी सांगितलं असतं तर मजा गेली असती ना!"

मजा गेली नव्हती, पण राजा गेला होता. कुणाच्याही बशीत तो नव्हता. पाहुण्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरलं.

पाहुणे म्हणजे काही खरोखरीचे पाहुणे नव्हेत. ही कंपनी वजनकाटे बनवायची. सोनाराच्या नाजूक काट्यापासून ट्रक तोलणाऱ्या काट्यापर्यंत सगळे. ते देशोदेशी जाऊन बसवून द्यायचं काम या गृहस्थांकडे होतं. ऑफिसात ते इतके क्वचित दिसत, की दिसले की कुणीतरी "या पाहुणे" म्हणायचं, आणि तेच नाव पडलं. माणूस मोठ्या मनाचा. दर फेरीत तिकडची काहीतरी गोड वस्तू सगळ्यांसाठी घेऊन यायचा. मागच्या खेपेला त्यांनी काळ्या, खारट गोळ्या आणल्या होत्या. त्यातली एक तोंडात टाकून स्टोअरकाकांनी, "ही खायची की बुटाला लावायची?" असं विचारलं होतं. त्याआधी एकदा हिरवी थरथरणारी वडी आली होती. ती सुरीने कापायला गेलं की बाजूला सरकायची.

या खेपेचा केक दिसायला सुरेख होता. वरून सोनेरी, खुसखुशीत. आतला करडा-हिरवा लगदा मात्र तोंडात गेला, की आधी खोकल्याचं औषध आठवे, मग अंगाचा साबण, आणि शेवटी लहानपणी केलेली सगळी पापं. बरं, थुंकायची सोय नव्हती. पाहुणे प्रत्येकाच्या समोर उभे राहून, "कसा आहे? कसा आहे?" असं विचारत होते. तेव्हा एकेकाने डोळे मिटले, श्वास रोखला, तुकडा पाण्याबरोबर तसाच घशाखाली ढकलला आणि तोंडाला रुमाल लावून "वा!" म्हटलं. साहेबांनीही तेच केलं, आणि लगेच काहीतरी निकडीचं काम आठवून ते ड्रायव्हरला घेऊन बाहेर पडले. चावायच्या भानगडीत कुणीच पडलं नाही. त्यामुळे राजा कुणाच्या दाताखाली आला नाही, यात नवल नव्हतं.

केक न खाल्लेला माणूस ऑफिसात एकच होता, आणि ते म्हणजे भाऊजी.

निदान सगळ्यांची तशी समजूत होती.

भाऊजी तपासणी विभागात होते. नवीन काटा विकायला जाण्याआधी तो खरं बोलतो की नाही, हे पाहायचं त्यांचं काम. त्यांची धाकटी मेव्हणी याच ऑफिसात दाराजवळच्या स्वागताच्या टेबलावर बसायची. आलेल्यागेलेल्याची विचारपूस करायची, फोन घ्यायची, आणि उरलेल्या वेळात भाऊजींवर नजर ठेवायची. ती त्यांना भाऊजी म्हणते म्हणून आधी शिपाई म्हणू लागला, मग स्टोअर, मग हिशेब विभाग, आणि शेवटी साहेबसुद्धा. भर मीटिंगमध्ये साहेब, "भाऊजी, तो मोठा काटा कधी देताय?" असं विचारत तेव्हा परगावच्या गिऱ्हाइकांना वाटे, की कंपनी घरच्या घरातच चालते.

भाऊजींच्या रक्तात साखर दिसू लागल्यापासून त्यांच्या पत्नीने त्यांचं गोड बंद केलं होतं. मेव्हणीकडे त्या कायद्याची अंमलबजावणी होती. केकची बशी भाऊजींच्या हातात आली तोच तिने वरच्या वर काढून घेतली.

"भाऊजींना नको हं, त्यांना बंद आहे! हिशेबबाई, तुम्ही घ्या. तुम्ही आता दोघांचं खायचं."

हिशेबबाईंचे दिवस भरत आले होते. त्यांनी एक तुकडा कसाबसा संपवला होता. दुसरा समोर आलेला पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊजींना वाटलं, आनंदाने आलं. कोपऱ्यात रिकाम्या हाताने उभे राहून ते एकेकाचा चेहरा बघत होते. जो तो डोळे मिटून गप्प! एवढी चव? नुसत्या एका घासात माणसाची बोलती बंद व्हावी? भाऊजींचा जीव तुटला.

मंडळी आपापल्या कामाला पांगली, पाहुणे साहेबांच्या खोलीत फोनवर बोलत बसले, आणि भाऊजी पाणी प्यायच्या निमित्ताने टेबलाकडे आले. ड्रायव्हरसाठी ठेवलेला तुकडा तसाच पडला होता. पुढचं सगळं त्यांच्या हातांनीच केलं, असं ते स्वतःला सांगत राहिले. वजनं ठेवायच्या मखमली डबीत तो तुकडा घालून ते काट्याच्या खोलीत शिरले आणि दार ओढून घेतलं. ही खोली ऑफिसात सगळ्यात शांत. तिथल्या नाजूक काट्याला पंख्याचा वारासुद्धा चालत नाही. आत कुणी उगाच येत नाही.

भाऊजींनी अख्खा तुकडा एकदम तोंडात कोंबला.

आधी खोकल्याचं औषध आलं, त्यामागून साबण. भाऊजी डोळे फाडून भिंतीकडे बघत असताना दारावर टकटक झाली.

"भाऊजी? आहात ना आत?"

थुंकायला जागा शोधली तर समोर फक्त काट्याचं चकचकीत पारडं. भाऊजींनी मान वर केली आणि सगळा ऐवज एका दमात गिळला. घशातून उतरताना काहीतरी टणक खरवडत गेलं. बदाम असेल, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात मेव्हणी आत आली.

"चला, पाहुणे सगळ्यांना बोलावताहेत. काहीतरी गंमत सांगायचीय म्हणे." तिची नजर काट्यावर गेली. पारड्यात एक कण पडला होता, मुंगीच्या डोक्याएवढा, आणि काट्यावरचे आकडे काही केल्या स्थिर होत नव्हते. "हा शून्यावर का नाही?"

"हवा," भाऊजी म्हणाले.

"दार तर बंद होतं."

"माझी... श्वासाची."

ती दाराकडे वळली. भाऊजी तिच्या मागोमाग बाहेर आले, आणि पाहुण्यांनी ती गंमत सांगितली.

आता पाहुणे मोबाइलवर फोटो दाखवत होते. मागच्या वर्षी त्यांना स्वतःला मिळालेला राजा. पांढरा शुभ्र, डोक्यावर मुकुट, एक हात वर, हातात काठी.

"काठी नाही, राजदंड," पाहुणे म्हणाले.

"टोकदार असतो का?" भाऊजींच्या तोंडून निघून गेलं.

"तुम्हाला काय करायचंय?" मेव्हणी म्हणाली. "तुम्ही कुठे खाल्लाय?"

"नाही, आपलं... माहिती असावी."

"आणि मुकुटाला ही एवढी टोकं!" स्टोअरकाकांनी फोटो मोठा करून बघितला आणि पोटावर हात ठेवला. मग सगळ्यांनीच हात ठेवले. भाऊजींचाही हात निघाला होता, तो त्यांनी मध्येच वळवून शर्टाचं बटण चाचपलं.

शोध सुरू झाला. बशा पुन्हा बघितल्या. टेबलाखाली बघितलं. कचऱ्याची बादली वर्तमानपत्रावर उलटी करून स्टोअरकाकांनी स्वतः हाताने चिवडली. त्यात चहाचा चोथा निघाला, सालं निघाली, आणि नीट रुमालात बांधून टाकलेला अर्धा तुकडा निघाला. रुमाल आपला, असं कुणीच कबूल केलं नाही. राजा त्यातही नव्हता.

"मी म्हणतो, वजन करू या ना!" पाहुण्यांना एकदम सुचलं. "एवढे काटे पडलेत ऑफिसात. सगळ्यांना उभं करा."

"आणि काय बघायचं?" स्टोअरकाकांनी विचारलं.

"राजाएवढं जास्त वजन कुणाचं भरतंय ते."

"जास्त म्हणजे कशापेक्षा? सकाळी कुणी तोललं होतं आम्हाला?"

पाहुण्यांनी मान खाजवली. पण मेव्हणीचं डोकं त्या बोलण्याने चालू झालं. ती मघापासून बशा मोजत होती.

"थांबा जरा. ड्रायव्हरचा तुकडा इथं होता. तो कुणी खाल्ला?"

सगळ्यांच्या माना एकदम स्टोअरकाकांकडे वळल्या.

"माझ्याकडे काय बघताय?" काका उसळले. "एकदा चुकून दुसऱ्याचा डबा खाल्ला, तर जन्माचा चोर झालो का मी?"

"तसं नाही हो काका—"

"तसंच आहे! अरे, स्वतःच्या वाटणीचा तो केक मी कसा संपवला ते माझं मला माहीत. आतडी ओरडत होती. वर आणखी चोरून दुसरा खायला मी काय वेडा आहे?"

पाहुण्यांनी मोबाइल खिशात घातला.

"म्हणजे?" पाहुणे हळूच म्हणाले. "केक आवडला नाही?"

कुणी खाली बघितलं, कुणी खिडकीबाहेर.

"मी तो विमानात मांडीवर घेऊन आलो हो. सगळा प्रवास. पाय अवघडले, पण खाली ठेवला नाही."

"चव चांगलीच होती," हिशेबबाई क्षीण आवाजात म्हणाल्या. "फक्त... थोडी लांबची होती."

पाहुणे खुर्चीत बसले. स्टोअरकाका तणतणत आपलं जाकीट घालू लागले. जिथे माणसाची एवढीच किंमत आहे तिथे आपल्याला नोकरी करायची नाही, राजीनामा उद्या सकाळी साहेबांच्या टेबलावर असेल, असं त्यांनी जाहीर केलं. भाऊजींना काकांच्या डोळ्याला डोळा देववेना. इतक्या वर्षांचा शेजार. काकांनीच त्यांना पहिल्या दिवशी काट्याच्या खोलीची किल्ली दिली होती. पोटात उजवीकडे काहीतरी टोचल्यासारखं झालं. राजा चालायला लागला असावा.

मेव्हणी मात्र अजून तिथेच उभी होती. कपाळाला आठ्या घालून ती स्वतःशीच बोलावं तसं बोलत होती.

"काकांचं बरोबर आहे. एकदा खाल्लेला माणूस पुन्हा त्याला हात लावणार नाही. म्हणजे तो तुकडा अशा कुणी खाल्ला, ज्याला त्याची चव माहीतच नव्हती. आणि ऑफिसात चव न घेतलेला माणूस म्हणजे..."

भाऊजी काट्याच्या खोलीकडे एकेक पाऊल सरकू लागले.

"आई गं!"

हिशेबबाई पोट धरून खाली वाकल्या होत्या.

मग जी धावपळ झाली तिला ना शेंडा होता ना बुडखा. कुणी खुर्ची आणली, कुणी पाणी, कुणी दोन्ही एकमेकांवर सांडलं. पाहुणे पुठ्ठ्याने वारा घालू लागले. मेव्हणीने कंपनीच्या ठरलेल्या दवाखान्यात फोन लावला आणि डॉक्टर काय म्हणतात ते मोठ्यांदा सांगू लागली.

"डॉक्टर विचारताहेत, हिशेबबाईंनी किती तुकडे खाल्ले?"

"दोन!" हिशेबबाई कळवळल्या. "तुम्हीच दिलात की दुसरा! भाऊजींचा!"

"दोन म्हणे... हो... बरं... म्हणताहेत, लगेच घेऊन या. एक्सरे नाही काढता येणार यांचा, दिवस असे आहेत ना. दाखल करून घ्यावं लागेल. लक्ष ठेवतील म्हणे."

हिशेबबाईंनी तोवर सासूबाईंना फोन लावला होता. सासूबाईंचा आवाज फोनमधून थेट स्टोअरपर्यंत ऐकू येत होता. "राजा गिळलास म्हणजे काय गं? कुठला राजा? मी म्हणतच होते, आता घरी बस म्हणून! केळी खा, केळी! हलू नकोस! झोप!"

"आई, बाळाला लागलं तर हो?" हिशेबबाई हुंदके देत होत्या. "त्याच्या हातात ती काठी... आत बाळ आणि तो समोरासमोर आले तर?"

"राजदंड," पाहुणे पुटपुटले, आणि सगळ्यांनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते भिंतीला जाऊन चिकटले.

बाहेर वजनं पोहोचवायचा टेम्पो दाराशी आणून लावला. दोघांनी हिशेबबाईंना धरून उठवलं. उंबऱ्याशी आल्यावर त्यांनी मागे वळून आपल्या टेबलाकडे बघितलं. परत दिसतं की नाही, असं बघतात तसं.

भाऊजींनी ते बघितलं. त्यांच्या डोळ्यांपुढे एकीकडे हिशेबबाई होत्या, एकीकडे जाकीट घातलेले काका, आणि मध्ये बायको. ती काही ओरडली नसती. ती नुसतीच समोर बसली असती, हात मांडीवर ठेवून, आणि म्हणाली असती, "म्हणजे मी एवढं करते ते कुणासाठी?"

"थांबा," ते म्हणाले. त्यांनी घसा खाकरला. "थांबा! त्यांना नेऊ नका. राजा माझ्या पोटात आहे."

टेम्पोवाल्यानेसुद्धा इंजिन बंद केलं.

"ड्रायव्हरचा तुकडा मी खाल्ला. काट्याच्या खोलीत. गिळताना काहीतरी टणक लागलं होतं. मला वाटलं, बदाम. काका, मला माफ करा."

काकांनी जाकिटाची एक बाही काढली. "अहो भाऊजी," ते खरोखरच्या कुतूहलाने म्हणाले, "पण अख्खा?"

हिशेबबाईंची कळ त्याच क्षणी थांबली. त्या सरळ उभ्या राहिल्या आणि त्यांनी स्वतःच डोळे पुसले. जणू ती कळ तशीच्या तशी उचलून भाऊजींच्या पोटात ठेवली गेली होती, कारण आता भाऊजी वाकले.

मेव्हणीने शांतपणे फोन काढला, एक नंबर लावला आणि म्हणाली, "ताई, तू दवाखान्यात ये. हो, आत्ता. नाही, फोनवर नको. ये तू."

"अगं, ताईला कशाला—" भाऊजी म्हणाले.

"टेम्पोत बसा," मेव्हणी म्हणाली.

टेम्पोत सगळेच बसले. हिशेबबाईंना तरीही तपासून घ्यायचं होतं. पाहुण्यांना आपली जबाबदारी वाटत होती. काकांना, आपल्यावर आळ घेणाऱ्यांनी रीतसर माफी मागितल्याशिवाय त्यांची पाठ सोडायची नव्हती. लोखंडी वजनांच्या मधल्या जागेत भाऊजींना आडवं केलं होतं. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा राजाला लागत होता आणि राजा तो भाऊजींना लावत होता.

"मला वाटतं, तो आता वळला," भाऊजी म्हणाले.

"कुठे?" पाहुण्यांनी काळजीने विचारलं.

"डावीकडे."

"म्हणजे बरोबर चाललाय," काका म्हणाले. "रस्ता तोच आहे."

दवाखाना गजबजलेला होता. एका बाजूला एक्सरेची खोली, समोर दातांच्या डॉक्टरांची, मध्ये लांबलचक बाक. त्या बाकावर अख्खं ऑफिस ओळीने बसलं. एक्सरेवाल्या माणसाने खिडकीतून काय झालंय ते विचारलं, मेव्हणीने सांगितलं. त्याने तिच्याकडे बघितलं, मग भाऊजींकडे बघितलं, आणि "बसा, बोलावतो," म्हणून खिडकी लावून घेतली. आतून दबलेल्या हसण्याचा आवाज आला. भाऊजी दाराकडे डोळे लावून बसले. त्या दारातून कुठल्याही क्षणी बायको येणार होती. एक्सरे आधी होतो की ती आधी येते, एवढंच ठरायचं होतं. एक्सरेत आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण "आपणच सांगावं, की मेव्हणीला सांगू द्यावं?" या प्रश्नाशी ते अडून बसले होते.

तेवढ्यात समोरचं, दातांच्या डॉक्टरांचं दार उघडलं आणि तोंडाला रुमाल लावलेले साहेब बाहेर आले.

साहेबांच्या दातांचा ऑफिसात मोठा दबदबा होता. "या वयातही बत्तीसच्या बत्तीस माझे स्वतःचे!" असं ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत आणि सुपारीऐवजी पेन्सिल फोडून दाखवत. दाढेवर बसवलेल्या टोपीबद्दल मात्र फक्त ते आणि डॉक्टर यांनाच माहीत होतं. बाकावर ओळीने बसलेलं आपलं ऑफिस बघून साहेब जागच्या जागी थिजले.

"तुम्ही... तुम्हाला कुणी सांगितलं?"

ऑफिस उठून उभं राहिलं. काय उत्तर द्यावं हे कुणालाच कळेना, कारण प्रश्न काय आहे हेच कळलं नव्हतं.

"ड्रायव्हरनं सांगितलं ना?" साहेबांचा आवाज ओलसर झाला. "मी त्याला बजावलं होतं. आणि तुम्ही सगळं काम टाकून... हिशेबबाई, तुम्हीसुद्धा? अशा अवस्थेत? अरे, काही नव्हतं एवढं. केक खाताना दाढेचा तुकडा पडला, असं वाटलं. इतका धसका घेतला मी, की बघितलंसुद्धा नाही. तसाच रुमालात गुंडाळला आणि धावलो."

त्यांच्या मागून दातांचे डॉक्टर घाईघाईने बाहेर आले. त्यांच्या चिमट्यात काहीतरी पांढरं होतं.

"अहो साहेब, हा राहिला तुमचा! म्हणजे तुमचा नव्हे. तुमचे सगळे जागच्या जागी आहेत, मी दोनदा बघितले. शिवाय धुतल्यावर लक्षात आलं, याला डोळे आहेत."

चिमट्याच्या टोकाला राजा होता. हात वर करून, राजदंडासकट.

पाहुण्यांना राहवलं नाही. सकाळपासून दाबून ठेवलेला आनंद एकदम उसळला. "साहेब!" ते ओरडले. "तुम्ही राजा आहात!"

"अरे नाही रे, असं काही नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी खरोखरच डोळ्यांना रुमाल लावला. "मी एक साधा माणूस आहे. पण आज कळलं, आपली माणसं म्हणजे काय."

मेव्हणीने पाहुण्यांचा शर्ट मागून धरून खाली ओढला, तसे ते बसले. काका छताकडे बघत उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. आणि भाऊजी? भाऊजींना सगळ्यात आधी जाणवलं ते हे, की त्यांच्या पोटात काहीही दुखत नाहीये. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. तो बदामच होता. म्हणजे कबुली द्यायची काही गरजच नव्हती. आणखी थोडा वेळ गप्प बसलो असतो तर...

"अहो! काय झालं? कुठे आहात?"

दारात बायको उभी होती. केस विस्कटलेले, पायांत दोन वेगळ्या चपला. ती धावत येऊन भाऊजींच्या समोर थांबली आणि त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी धरून बघू लागली.

नेमकी त्याच वेळी समोरची खिडकी उघडली. "राजा गिळलेले कोण? या आत!"

"काय गिळलं?" बायको वळली. "कुणी काय गिळलं?"

बाकावरची सगळी माणसं आपापल्या चपला बघू लागली. बायकोने नवऱ्याकडे बघितलं, मग धाकट्या बहिणीकडे. "तू मला बोलावलंस ना? सांग की. काय झालंय?"

मेव्हणीने भाऊजींकडे बघितलं. भाऊजींनी मान खाली घातली. मेव्हणीची नजर तिथून हिशेबबाईंकडे गेली. त्या शांत बसून पोटावरून हात फिरवत होत्या. भाऊजींनी तोंड उघडलं होतं ते यांच्यासाठीच.

"राजा कुणीच गिळलेला नाही," मेव्हणी म्हणाली आणि खिडकीकडे बघून हात हलवला. "नको हो, झालं आमचं काम! ताई, साहेबांच्या दाताचं होतं. आम्ही सगळे घाबरलो. भाऊजी तर इतके घाबरले की त्यांना टेम्पोत आडवं करून आणावं लागलं. म्हणून तुला बोलावलं."

यात धडधडीत खोटं असं एकही वाक्य नव्हतं. भाऊजींनी ते मनातल्या मनात पुन्हा तपासून बघितलं.

"माझ्यासाठी?" साहेब दोन पावलं पुढे आले. त्यांनी भाऊजींचे दोन्ही हात हातात घेतले. "आडवं करून? भाऊजी, तुम्ही? आणि मी तुम्हाला त्या मोठ्या काट्यावरून इतकं बोलायचो!" मग ते डॉक्टरांकडे वळले. "डॉक्टर, काहीतरी गोड आहे का इथे? आज सगळ्यांचं तोंड गोड झालंच पाहिजे."

"दातांच्या दवाखान्यात?" डॉक्टर म्हणाले, पण आत जाऊन एक चकचकीत डबा घेऊन आले. "एक पेशंट परदेशात जाऊन आला, त्यानं दिलाय. आत काय आहे ते मलाही माहीत नाही. लिहिलेलं वाचता येत नाही."

पहिला चौकोनी, तपकिरी तुकडा साहेबांनी स्वतःच्या हाताने भाऊजींपुढे धरला. मेव्हणीचा हात सवयीने पुढे झाला, तोच बायकोने तो अडवला.

"असू दे गं, एक दिवस. रंग बघ कसा उडालाय त्यांचा. माणसानं इतका जीव लावावा साहेबांना!" तिचे डोळे भरून आले होते. "घ्या हो. मी सांगते ना, घ्या."

भाऊजींनी तो तुकडा तोंडात ठेवला. साहेब बघत होते, पाहुणे बघत होते, मेव्हणी तर पापणी न लवता बघत होती. वरचं चॉकलेट विरघळलं, मग काहीतरी चिकट लागलं, आणि त्या चिकटाच्या मधोमध जिभेला लागलं काहीतरी टणक. भाऊजींनी ते जिभेने एका गालात नेलं, मग दुसऱ्या गालात नेलं. त्याला मुकुट आहे का, हात आहे का, हे ते शोधत राहिले. दात लावायचा धीर होत नव्हता, बाहेर काढायची सोय नव्हती.

"कसा आहे?" पाहुण्यांनी उत्सुकतेने विचारलं.

भाऊजींनी मान डोलावली.

एक्सरेवाल्याने खिडकी लावून घेतली. काकांनी आपला तुकडा संपवला, हिशेबबाईंनी संपवला. बाकावरची मंडळी उठून चपला शोधू लागली. भाऊजी आपले दोन्ही गाल आळीपाळीने फुगवत तिथेच उभे होते.

"अहो," शेवटी बायको प्रेमाने म्हणाली, "गिळा की आता!"